सुट्टी लागली, पुस्तके जमा करा

एप्रिल उजाडला की आमच्याकडच्या महाविद्यालयांच्या फलकांवर एक सूचना हमखास लागते. मजकूर वर्षानुवर्षे तोच. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, आपल्या नावावरील ग्रंथ अमुक तारखेपर्यंत ग्रंथालयात जमा करावेत, अन्यथा हॉलतिकीट मिळणार नाही.’ खाली ग्रंथपालांची सही, प्राचार्यांची सही, गोल शिक्का. मुले निमूट रांगेत उभी राहतात, पुस्तके देतात, ‘नो ड्यूज’वर, म्हणजे काही येणे बाकी नसल्याच्या दाखल्यावर, सही घेतात, परीक्षा उरकतात आणि रिकाम्या हाताने गावी जातात. जूनमध्ये दारे उघडली तरी प्रवेश, फी, ओळखपत्र, नवे कार्ड या सोपस्कारांत जुलै संपत येतो. मधले तीन महिने पुस्तके कपाटात आणि मुले घरी.

तालुक्याच्या गावी मी पंचवीसेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. ही सूचना विद्यार्थी असताना पाळली, नोकरीला लागल्यावर वर्गात वाचून दाखवली. तिच्यात काही वावगे आहे हे माझ्या ध्यानात आले ते फार उशिरा, आणि तेही दुसऱ्या एका कागदामुळे. २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनासाठी आमच्याच कुणीतरी उत्साहाने एक रंगीत यादी छापली होती. ‘या उन्हाळ्यात वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तके.’ ती नेमकी त्या सूचनेच्या शेजारी लावली गेली. एक कागद म्हणत होता वाचा, दुसरा म्हणत होता जमा करा. दोन्हींवर शिक्का एकच.

त्या दहांतली चार पुस्तके आमच्या ग्रंथालयात होती, प्रत्येकी एक प्रत. चारही जमा झालेली.

माझे म्हणणे एवढेच आहे की, सुट्टीत पुस्तक घरी नेऊ न देणाऱ्या ग्रंथालयाने वाचनाच्या याद्या काढू नयेत. आणि याद्या काढायच्या असतील (काढाव्यातच, त्याबद्दल पुढे सांगतो) तर आधी कुलूप काढावे.

आता कुणी म्हणेल, वर्षभर पुस्तके मिळतातच की. मिळतात, पण कधी? सत्रपद्धत आली तेव्हापासून मुलांचे वर्ष दोन तुकड्यांत चिरले गेले आहे. प्रत्येक तुकड्यात अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, प्रात्यक्षिके, सादरीकरणे आणि शेवटी परीक्षा. सकाळच्या एसटीने येणारा मुलगा दुपारच्या एसटीने परततो. मधल्या तासात काउंटरवर गर्दी असते, आणि मागणी असते ती गाइडची नाहीतर ‘बुक बँके’तल्या क्रमिक पुस्तकाची. आठवड्याला दोन पुस्तके, सात दिवसांची मुदत, उशीर झाला की दंड. अशा घाईत कुणी चारशे पानांचे चरित्र नेणार नाही. नेले तर परीक्षेला लागणारे पुस्तक हातचे जाईल, म्हणून शहाणा मुलगा ते नेतच नाही. अवांतर वाचन म्हणून जे काही असते त्याला सलग दिवस लागतात, आणि असे दिवस विद्यार्थ्याच्या पंचांगात दोनदाच येतात. दिवाळीत आणि मे महिन्यात. आमची ग्रंथालये नेमकी त्याच दोन वेळांना हात आखडता घेतात.

मे महिन्यात मुले नुसती लोळत पडलेली असतात असे मला म्हणायचे नाही. कुणी मामाच्या दुकानात बसतो, कुणी पुण्याला कंपनीत दोन महिने काढून फीचे पैसे जमवतो. लग्नसराई असते, नांगरट असते, मुलींच्या मागे कुरडया-पापड असतात. तरीही दुपारी दोन ते पाच या वेळेत महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक गावांत काहीही घडत नाही. त्या तीन तासांत मोबाइलशी झुंजायला दुसरे काही हाताशी असावे, इतकीच अपेक्षा आहे. आणि मुलींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या काही मुली मे महिन्यानंतर परत येत नाहीत. लग्न ठरलेले असते. त्यांचे ‘नो ड्यूज’ मात्र एप्रिलमध्येच झालेले असते. ग्रंथालयाच्या दृष्टीने हिशेब चोख.

ऋतू पाहून वाचण्याची कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. चातुर्मासात पोथी लावायची, रोज ठरलेला अध्याय वाचायचा, एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, ही शिस्त ज्या घरांत दुसरे पुस्तक नव्हते त्या घरांतही होती. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली, तीही ऐन उन्हाळ्यात. सुट्टीचे दिवस, लोक मोकळे असतात, संध्याकाळी गारव्याला बसून विचार ऐकतील, हा साधा हिशेब त्या पिढीला कळत होता. आणि दिवाळी अंकांचे काय सांगावे? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचे ताट मांडले. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. गावोगावची सार्वजनिक वाचनालये त्यांची खास वर्गणी लावतात. ठरावीक रक्कम भरा, अंक बदलून बदलून फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाचा. काउंटरवरच्या बाईंना कोणत्या आजोबांना कोणता अंक आधी हवा हे पाठ असते. ही मराठीतली खरीखुरी मोसमी वाचन योजना, आणि ती कुठल्या शासन निर्णयाने सुरू झालेली नाही.

महाविद्यालयांनी यातले काहीच उचलले नाही. माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या महाविद्यालयांत दिवाळी अंक येतात. आले तर प्राध्यापकांच्या खोलीत जातात आणि तिथेच जुने होतात. एकदा मी कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की हे धड पुस्तक नाही आणि धड नियतकालिकही नाही, नोंद कुठल्या रजिस्टरला करायची? रजिस्टरला रकाना नाही म्हणून मराठीतला सर्वांत मोठा वार्षिक वाचनोत्सव मराठीच्याच विद्यार्थ्यांपासून दूर राहिला. हे ऐकून हसावे की काय करावे ते मला तेव्हाही कळले नव्हते.

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो. हा गणिताचा प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ साली त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. तो नियम समजावताना रंगनाथन मध्ययुगीन युरोपातल्या साखळीने बांधलेल्या ग्रंथांपासून सुरुवात करतात. पुस्तक चोरीला जाऊ नये म्हणून फळीला लोखंडी साखळी. आपण ते वाचून हसतो. आपलीही साखळी आहे, फक्त ती एप्रिल ते जुलै एवढ्यापुरती बांधली जाते.

पण ग्रंथपालांना झोडपून हा लेख संपवणे अन्यायाचे होईल. साखळी कुणी आणि का बांधली ते पाहायला हवे. आमच्या एका ग्रंथपालांच्या निवृत्तीच्या वेळी मी जे पाहिले ते विसरता येत नाही. तीस-पस्तीस वर्षांत गहाळ झालेल्या पुस्तकांची यादी निघाली. त्यातली काही त्या माणसाच्या नेमणुकीच्याही आधीची होती. हिशेब चुकता होईपर्यंत त्यांची कागदपत्रे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. ज्याने हजारो पुस्तके मुलांच्या हाती दिली त्याच्याकडून न आलेल्या पुस्तकांची किंमत मागितली जात होती. एकही पुस्तक बाहेर न देणाऱ्याला हा त्रास झाला नसता. अशा व्यवस्थेत जो कुलूप लावतो तो दुष्ट नसतो, व्यवहारी असतो.

गंमत अशी की, कागदोपत्री यावर उत्तर फार पूर्वीपासून आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७ च्या आवृत्तीत नियम २१५) स्पष्ट म्हटले आहे की, वर्षाला वाचायला वा घरी दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ असेल तर चौकशी व्हावी. बाकीच्यांचा गवगवा करू नये. त्याच नियमात ग्रंथपडताळणीचेही प्रमाण आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून एकदा, त्याहून जास्त असतील तर नमुना पडताळणी पुरे. म्हणजे ‘मे महिन्यात स्टॉक टेकिंग असते म्हणून सगळी पुस्तके हवीत’ हे कारण मोठ्या ग्रंथालयांना दरवर्षी लागू होतच नाही. लहानांना लागू होते असे धरले तरी बाहेर दिलेले पुस्तक नोंदीवरून पडताळता येते. ज्याच्या नावावर आहे त्याचे नाव समोर असते. बँक आपली पत मोजायला सगळ्यांकडून कर्ज परत मागवत नाही.

हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांचे आहेत, आमच्या खासगी अनुदानित महाविद्यालयाला ते आपोआप लागू नाहीत, हे मान्य. पण लागू करून घ्यायला अडवले कुणी? महाविद्यालय विकास समितीने एक ठराव करावा. हजारी पाच हे प्रमाण मान्य, तेवढ्या तुटीची वसुली ग्रंथपालाकडून होणार नाही. माझा अंदाज आहे की, त्या एका ठरावाने जे होईल ते दहा ‘वाचन प्रेरणा दिनां’नी होणार नाही. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण मुलांना सभागृहात बसवून तासभर वाचायला लावतो, फोटो काढतो, अहवाल पाठवतो आणि तासाभराने पुस्तके परत घेतो. पुस्तके मोजून घेतो, हेही सांगायला हवे.

आणखी एक अप्रिय गोष्ट. एप्रिलची ती सूचना विद्यार्थ्यांनाच असते. प्राध्यापकांच्या नावावरची पुस्तके सत्रान्‌सत्र, कधी वर्षानुवर्षे घरच्या कपाटात असतात. मीही त्यातलाच. निवृत्तीच्या आधी माझ्या घरून जी पुस्तके परत गेली त्यांतली काही मी घेतली होती तेव्हा आताचे विद्यार्थी जन्मलेही नव्हते. पुस्तके गहाळ होण्याची भीती खरी असेल तर तपासणी आमच्या कपाटांपासून सुरू व्हायला हवी होती.

यावर हल्लीचे ठरलेले उत्तर म्हणजे, आता सगळे ऑनलाइन आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालये जोडणाऱ्या केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना आहे. तिच्यात महाविद्यालयाने वार्षिक वर्गणी भरली की सहा हजारांहून अधिक संशोधन नियतकालिके आणि लाखाहून अधिक ई-ग्रंथ खुले होतात. ‘शोधगंगे’वर देशभरचे प्रबंध आहेत. खरगपूर आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही देशभरासाठी एकत्रित वर्गणीची सरकारी योजना आली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि लाभ केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांना. ही सगळी मोठी कामे आहेत, मी त्यांना नावे ठेवणार नाही. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला जे पान मिळवायला पूर्वी मुंबई-पुण्याची वारी करावी लागे ते आता तिला घरी मिळते.

पण हे धान्य कोणत्या जात्याचे आहे ते पाहावे. ही नियतकालिके संशोधकांसाठी आहेत, इंग्रजीत आहेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला, मराठी माध्यमातून आलेला मुलगा मे महिन्याच्या दुपारी त्यांत काय वाचणार? शिवाय एन-लिस्टचा पासवर्ड किती मुलांना ठाऊक असतो, हे कुठल्याही वर्गात विचारून पाहावे. मी विचारले आहे. मुले एकमेकांकडे पाहतात. मराठीत मोफत आणि कायदेशीर असे जे आहे, म्हणजे मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने, ते मात्र खरोखर उपयोगाचे आहे आणि त्याचा पत्ता कुणी सांगत नाही. सुट्टीच्या यादीत पहिल्या ओळीला तेच असायला हवे.

तर आता यादीकडे येतो. यादी वाईट नसते, सर्वांना एकच यादी वाईट असते. ‘वाचायलाच हवीत’ अशा याद्यांत तीच ती गाजलेली नावे असतात आणि ती का वाचावीत हे कुठेच नसते. मोसमी यादीला एक फायदा आहे. तिच्यात ‘का’चे उत्तर खिडकीबाहेर असते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घ्या. १९५६ सालचे हे पुस्तक, बारा महिन्यांवर बारा लेख. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पूर्ण वाच म्हणून सांगू नये. चैत्र लागला की चैत्राचा लेख वाच, मग बाहेर जाऊन झाड पाहा, वैशाखात वैशाखाचा. जून-जुलैत वर्ग सुरू होतात तेव्हा पालख्या निघालेल्या असतात. समाजशास्त्राच्या मुलांनी त्या पंधरवड्यात इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख वाचावा आणि मग आपल्या गावातून गेलेल्या दिंडीत कोण कुठे चालत होते ते आठवावे. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. पेरणीच्या तोंडावर घरात बी-बियाण्याचे आणि कर्जाचे बोलणे चालू असते तेव्हा तो वाचण्यासारखा आहे. अर्थशास्त्राच्या तासाला तीन महिने घसा कोरडा करून मी जे सांगत असे ते त्या घरात त्या आठवड्यात आपोआप पटते. आणि फुले वाङ्मय शासनानेच छापलेले आहे, स्वस्त आहे.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात २०१३ पासून नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात एक पुस्तक सुचवले जाते. सुचवले जाते म्हणजे प्रत्यक्ष पाठवले जाते. आपण त्यातली सुचवण्याची अर्धी बाजू उचलली. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही हे खरेच. पण आपल्याकडे पेट्यांची परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले, आणि त्यांच्या ग्रंथालय खात्याने लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेड्यापाड्यांत फिरवली. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने पेटीची तीच कल्पना नव्याने चालवली आणि ती राज्याबाहेर, देशाबाहेर पोचली.

तालुक्याच्या महाविद्यालयाला तर हे आणखी सोपे आहे. आमची मुले वीस-पंचवीस गावांतून येतात, गावागावाचा कंपू एकाच एसटीत असतो. एका गावच्या पाच मुलांच्या सहीवर वीस-पंचवीस पुस्तकांची एक पेटी मेमध्ये गावी जाऊ द्यावी. चौघांनी वाचले नाही तरी पाचव्याची बहीण वाचेल. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रश्न वेगळा, ती परत येणार नाहीत, त्यांचे ‘नो ड्यूज’ जरूर घ्यावे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कशाला? ती जूनमध्ये त्याच दारात उभी राहणार आहेत. त्यांची अनामत रक्कम आपल्याकडे आहे, त्यांचा पत्ता आहे, त्यांचा निकाल आहे.

नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीत ग्रंथालयाला रोज किती जण आले हे विचारतात, म्हणून आम्ही दारात वही ठेवतो आणि तपासणी जवळ आली की वर्गच्या वर्ग तिथे नेऊन सह्या घेतो. घरी बसून वाचणाऱ्याची सही त्या वहीत नसते. सुट्टीत किती पुस्तके बाहेर होती, हा रकाना कुणी मागतच नाही. मागितला असता तर कपाटे कधीच उघडली असती, एवढे मी आमच्या क्षेत्राला ओळखून आहे.

बरीच पुस्तके न उघडता परत येतील. हे मी आधीच कबूल करतो, कारण करून पाहिले आहे. निवृत्तीच्या आधीची तीन-चार वर्षे आमच्या विभागाच्या छोट्या कपाटातली पुस्तके मी माझ्या नावावर दाखवून मे महिन्यात मुलांना दिली. एका दोनशेपानी वहीत नाव, गाव आणि पुस्तक लिहून घ्यायचो. जूनमध्ये निम्मी जशीच्या तशी आली, काहींच्या तर पानांचा करकरीत वासही गेला नव्हता. दोन-तीन आलीच नाहीत, त्यांचे पैसे मी भरले. काही पावसात भिजून फुगून आली. एकावर हळदीची बोटे होती.

एक मुलगा मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात हात हलवत आला. पुस्तक कुठे, विचारले तर म्हणाला, “सर, माझं कवाच झालंय. आजोबा वाचायलेत, त्यांची वीस-एक पानं राहिलीत. सोमवारी आणलं तर चालंल का?”

मी वहीत त्याच्या नावापुढे ‘सोमवार’ असे लिहिले.